नूतनीकरणाची फाईल आणि मागच्या दाराची किल्ली

मी २२ वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली १७ एकाच प्रसूतिगृहात. तालुक्याचं गाव. १५ खाटा. तळमजल्यावर ओपीडी आणि सोनोग्राफी. जिना चढून वर आलं की लेबर रूम, ऑपरेशन थिएटर आणि बाळंतिणींचा वॉर्ड. वॉर्डाच्या टोकाला एक लोखंडी दार आहे. तिथून बाहेरचा जिना मागच्या बोळात उतरतो. आज जे सांगणार आहे ते बरंचसं त्या दाराबद्दलच आहे.

आपल्याकडे खाजगी दवाखान्यात रुग्ण दाखल करून घ्यायचे तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. कायदा १९४९ चा, मूळचा मुंबई राज्याचा, म्हणून जुनी डॉक्टरमंडळी अजूनही 'बॉम्बे नर्सिंग'च म्हणतात. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांचं सगळं या जुन्या कायद्यावर आणि त्याच्या नियमांवर चालतं. नोंदणी तीन वर्षांची असते आणि ३१ मार्चला संपते. नियम १९७३ चे होते, ते जानेवारी २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर बदलले. त्या बदलानंतर आमचं पहिलंच नूतनीकरण आलं आणि त्याची सगळी जबाबदारी मॅडमनी माझ्यावर टाकली. मॅडम म्हणजे आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर, दवाखाना त्यांचाच.

कागदांचं फार लांबवत नाही. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र, कचरा उचलणाऱ्या सामायिक केंद्राशी केलेला करार, सोनोग्राफीची पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालची नोंदणी, गर्भपात केंद्राची मान्यता, डॉक्टरांच्या आणि आमच्या कौन्सिलच्या नोंदण्या, इमारतीचा नकाशा, अग्निसुरक्षेचे दाखले. एकेका कागदाची मुदत वेगळी, त्यामुळे एक हातात येईस्तोवर दुसऱ्याची तारीख उलटायला आलेली असते. मी एक वही केली आणि प्रत्येक कागदासमोर संपण्याची तारीख लाल पेनने लिहिली. ज्यांना हे करायचं आहे त्यांना एवढंच सांगेन की ही वही फाईलच्या आधी करा.

अडलं ते एकाच ठिकाणी, कर्मचाऱ्यांच्या यादीपाशी. आमच्याकडे रात्रपाळीला ज्या सिस्टर असतात त्या या दवाखान्यात माझ्याही आधीपासून आहेत. बारावीनंतर घरची परिस्थिती नव्हती, म्हणून इथे मदतनीस म्हणून लागल्या आणि हाताखाली शिकत गेल्या. पायाळू बाळंतपणाची चाहूल त्यांना पोटावर हात ठेवताच लागते. बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जायला लागलं तर मॅडम यायच्या आत त्यांचा हात गर्भाशयावर आणि दुसऱ्या हाताने सलाईन चालू झालेली असते. पण जीएनएम नाही, एएनएम नाही, म्हणजे नर्सिंगचा कुठलाच मान्य अभ्यासक्रम झालेला नाही, नर्सिंग कौन्सिलचा नंबर नाही. यादीत 'परिचारिका' या रकान्यात त्यांचं नाव लिहिता येत नव्हतं. मी दोन दिवस ती यादी कोरी ठेवली. शेवटी 'सहायक' म्हणून लिहिलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि इंजेक्शनची ट्रॉली लावायला निघून गेल्या.

अर्ज फेब्रुवारीत गेला. मग तपासणीची वाट.

त्याआधीच्या नूतनीकरणाची तपासणी मला आठवत होती. ती वीस मिनिटांत आटोपली होती. ओपीडीत बसून फाईल चाळली, वर येऊन वॉर्डाच्या दारातून नजर टाकली, चहा झाला, सह्या झाल्या. तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं. आता वाटतं, त्या वीस मिनिटांनी आमची तीन वर्षं फुकट घालवली. त्या काळात काही विपरीत घडलं नाही हे आमच्या बाळंतिणींचं नशीब.

या खेपेला मंगळवारी सकाळी साडेनऊला गाडी आली. आधी फोन नव्हता. एक महिला वैद्यकीय अधिकारी, त्यांच्यासोबत सरकारी रुग्णालयातल्या एक ज्येष्ठ सिस्टर आणि एक लिपिक. मी फाईल घेऊन पुढे झाले तर अधिकारी मॅडम म्हणाल्या, "फाईल नंतर. आधी वर जाऊ."

वर गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा कचऱ्याचे डबे पाहिले. आमच्या डब्यांचा मला अभिमान होता. पिवळा, लाल, निळा आणि सुयांसाठीचा पांढरा न भोसकला जाणारा डबा. चारही जागच्या जागी, वर मराठीत लिहिलेलं, चित्रं चिकटवलेली. पिवळ्यात वार आणि रक्ताने भरलेला कापूस, लाल पिशवीत हातमोजे, सलाईनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज, निळ्यात काचेच्या बाटल्या. पिशव्यांना बारकोड. ४८ तासांच्या वर कचरा ठेवायचा नाही हे पाठ, गाडी दिवसाआड येते, वजनाची वही पूर्ण. सरकारी सिस्टरनी जाड मोजे घातले, लाल पिशवी उघडली आणि चिमट्याने वरचे मोजे बाजूला केले. खाली एक सिरिंज होती आणि तिला सुई तशीच लागलेली.

एकच सुई होती. पण ती पिशवी बांधणारा हात थोरल्या मावशींचा असतो, आणि पिशवी बांधताना त्या ती गुडघ्याशी दाबून धरतात हे मी हजारदा पाहिलेलं आहे. सिस्टरनी मावशींना विचारलं, "कावीळ ब ची लस घेतलीय का?" मावशींनी माझ्याकडे पाहिलं. लसीची वही माझ्याकडे होती. नर्सिंगच्या मुलींचे तिन्ही डोस झालेले. मावशींचा एकच झाला होता. दुसऱ्या डोसच्या महिन्यात त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, परत आल्या, आणि वहीतला तो रकाना तसाच राहिला. सर्वांत जास्त धोका जिला, तिचाच रकाना कोरा.

मग इमर्जन्सी ट्रे. ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन, हायड्रोकॉर्टिसोन, ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम सल्फेट, सगळ्यांच्या तारखा बरोबर. शेजारी बाळाच्या श्वासासाठीचं साहित्य: हाताने दाबून श्वास द्यायची छोटी अँब्यू बॅग, दोन मापांचे मास्क, सक्शन, आणि लॅरिंगोस्कोप, म्हणजे श्वासाची नळी घालताना घशात पाहायचं दिव्याचं साधन. अधिकारी मॅडमनी लॅरिंगोस्कोपचं लहान पातं हँडलला जोडून उघडलं. दिवा लागला नाही. हँडलचं झाकण फिरवलं तर आतले सेल फुगून पाणी सुटलेले.

त्या ट्रेची तपासणी रोज होते. रोज सही असते. ती सही माझी.

त्यांनी मला रागावलं नाही. ट्रेच्या वहीचं पान उलटून माझ्या सह्या पाहिल्या, एका खाली एक, सगळ्या सारख्या. मला तोंड वर करवेना. बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर पहिल्या मिनिटात त्याला श्वास द्यायला घ्यायचा असतो, हे मी नव्या मुलींना दर सहा महिन्यांनी शिकवते. बहुतेक बाळं बॅग आणि मास्कवरच सावरतात, लॅरिंगोस्कोप क्वचित लागतो, आणि म्हणूनच मी तो मोजायचे, उघडून पाहत नव्हते. वस्तू जागेवर आहे याची सही आणि वस्तू चालते याची सही यांतला फरक १७ वर्षांत मला कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता.

आणि मग अधिकारी मॅडम थोरल्या मावशींकडे वळल्या. आमच्या मॅडम बाजूला उभ्या, मी उभी, आणि अधिकारी मॅडमनी स्टूल ओढून मावशींसमोर बसून विचारलं, "मावशी, रात्री कोण कोण असतं वर?"

"मी असते, आन् सिस्टर असत्यात."

"समजा रात्री दोनला आग लागली. काय कराल?"

"मॅडमला फोन लावायचा."

"आणि बाळं?"

"बाळं घिऊन खाली पळायचं."

"जिन्यात धूर भरलाय."

मावशी जरा थांबल्या. "मग मागल्या दारानं."

"चला, उघडून दाखवा."

दाराला कुलूप होतं. ते लावायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी बोळातून कुणी वर येऊन ऑक्सिजनचा रेग्युलेटर चोरून नेला होता, आणि त्यापेक्षा मोठी भीती म्हणजे वॉर्डात बाळं. अनोळखी माणूस मागून आत येता कामा नये म्हणून कुलूप. किल्ली मॅडमच्या घरी, शेजारच्या इमारतीत. कंपाउंडर धावत गेला आणि जुडगा घेऊन आला. पहिली किल्ली लागेना, दुसरी लागली पण फिरेना, पावसाळ्यात कुलूप गंजलेलं. खालून शिवणयंत्राचं तेल आणलं. दार उघडलं तेव्हा बाहेरच्या जिन्यावर रिकामे सलाईनचे खोके रचलेले. अधिकारी मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर लिहिलं: ११ मिनिटं. पुढे काहीच लिहिलं नाही.

आमची अग्निसुरक्षेची फाईल मात्र परिपूर्ण होती. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी घ्यावा लागतो की आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे. जानेवारीचा फॉर्म बी फाईलमध्ये होता. सिलिंडर भरलेले, पिना जागेवर, पुढच्या तारखेची चिठ्ठी लावलेली. ते सगळं खरं होतं, आणि रात्री दोनला मावशी दोन बाळं छातीशी धरून त्या कुलपासमोर उभ्या राहिल्या असत्या हेही खरं होतं.

मला त्या क्षणी भंडारा आठवलं. ९ जानेवारी २०२१ ची पहाट, जिल्हा रुग्णालयाचा नवजात कक्ष, १७ बाळांपैकी ७ वाचली आणि १० गेली. ती बातमी आम्ही रात्रपाळीच्या खोलीत वाचली होती आणि त्या दिवशी कुणी डबा खाल्ला नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये नगरला अतिदक्षता विभाग जळाले. आम्ही हळहळलो, आणि आमच्या मागच्या दाराचं कुलूप तसंच राहिलं. आपल्याकडे असं होणार नाही असं मी कधी मनाशी म्हटलंही नव्हतं. तो विचारच मनात आला नव्हता, एवढंच.

फाईल त्यांनी सर्वांत शेवटी पाहिली. अर्धा तास लागला. ओपीडीतला दरफलक आणि रुग्ण हक्कांची सनद मात्र त्यांनी बाकावर बसून वाचली, पेशंट बसतात तिथून. नव्या नियमांत दोन्ही दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे. आम्ही लावलं होतं, पण सनद इंग्रजीत छापून घेतलेली आणि अक्षर इतकं बारीक की बाकावरून मला स्वतःला वाचता आलं नाही. "मराठीत, मोठ्या अक्षरात," एवढंच त्या म्हणाल्या.

आठवड्याने त्रुटींचं पत्र आलं. नऊ मुद्दे, पूर्ततेला पंधरा दिवस. मॅडम पहिल्यांदा चिडल्या. त्यांचंही खरं होतं. छोट्या दवाखान्याला प्रत्येक मुद्द्याचा खर्च सोसावा लागतो, आणि मोठ्या रुग्णालयांना जी माणसं पगारी ठेवता येतात ती आमच्याकडे मीच एकटी. पण पत्र दोनदा वाचल्यावर त्या म्हणाल्या, "यातला एक तरी मुद्दा खोटा आहे का गं?" नव्हता.

दाराला आता आतून दाबला की उघडणारा आडवा दांडा आहे. बाहेरून उघडत नाही, आतून कुलूप नाही. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला हे समजावून सांगायला दोन दिवस गेले. त्याने मग पुण्याहून मागवून बसवला. सोबत छोटी घंटी आहे, दार उघडलं की वाजते, त्यामुळे चोराची भीतीही गेली. जुन्या कुलपाची किल्ली मी फेकली नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मग आम्ही रात्रीची तालीम घेतली. दिवसा नाही. दिवसा सगळे हजर असतात, उजेड असतो, कंपाउंडर असतो. रात्री दोनला फक्त एक सिस्टर आणि एक मावशी असते, म्हणून तालीम रात्री दोनलाच. बाळांच्या जागी दुपट्यात गुंडाळलेल्या एकेक लिटरच्या तीन-तीन सलाईनच्या बाटल्या, म्हणजे साधारण बाळाचं वजन. मुख्य दिवे बंद. पहिल्या खेपेला सहा 'बाळं' खाली न्यायला ७ मिनिटं ४० सेकंद लागली. दोन्ही हातांत दोन बाळं घेतली की जिन्याचा कठडा धरता येत नाही आणि दारही ढकलता येत नाही, हे तालमीशिवाय कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

त्यावर उपाय मावशींनी काढला. रानात कामाला जाताना बायका लेकरू जसं झोळीत बांधतात तशी त्यांनी जुन्या सुती लुगड्याची झोळी केली, खांद्यावरून तिरकी, दोन बाळं पोटाशी आणि दोन्ही हात मोकळे. "आमी आस्संच वाढवली समदी," म्हणाल्या. आता वॉर्डाच्या भिंतीवर, अग्निशामकाच्या शेजारी, तशा तीन झोळ्या टांगलेल्या असतात, महिन्याला धुतलेल्या. तिसऱ्या तालमीत वेळ २ मिनिटं ५० सेकंदांवर आली. पूर्ततेच्या अहवालात मी झोळ्यांचंही लिहिलं. काढू का, असं मॅडमनी विचारलं होतं. मी म्हटलं, राहू द्या.

मराठी सनदेचं काय झालं तेही सांगते. ती लावून आठ दिवसही झाले नसतील, एका सिझरच्या बाईची सासू बाकावर बसून ती बोट फिरवत वाचत होती. डिस्चार्जच्या दिवशी ती काउंटरवर आली आणि म्हणाली, "तिथं लिवलंय, बिलाची फोड मिळती. मला फोड द्या." आमच्या बिलात तोवर 'नर्सिंग व इतर' अशी एक ओळ असायची. त्या 'इतर'मध्ये काय आहे हे सांगायला मला आणि रिसेप्शनच्या मुलीला वीस मिनिटं लागली. त्यात एका इंजेक्शनची रक्कम दोनदा धरलेली निघाली. पैसे परत केले. सासूबाईंनी मोजून घेतले, सुनेला आणि नातवाला घेऊन रिक्षात बसल्या. पुढच्या आठवड्यापासून 'इतर' ही ओळ बिलातून काढली. एवढी वर्षं किती बायकांनी ती ओळ न विचारता भरली असेल याचा विचार आला की अजून जीव खालीवर होतो. आणि सनद मराठीत नसती तर त्या सासूबाईंनी काय वाचलं असतं? तपासणीत 'फलक लावला आहे' असा रकाना असतो. तो आमच्या इंग्रजी फलकावरही भरला गेला असता. बाकावर बसून वाचणारी अधिकारी मिळाली म्हणून नाही भरला गेला.

माझी खरी तक्रार इथेच आहे, आणि ती त्या पथकाबद्दल नाही. सगळं कोण येतं यावर ठरतं. त्याच चेकलिस्टवर आधीची वीस मिनिटंही बसली आणि या खेपेचे चार तासही. फॉर्ममध्ये 'आपत्कालीन मार्ग: आहे / नाही' असं आहे, 'रात्रीच्या मावशीकडून उघडून घेतला का?' असं नाही. ज्या माणसाच्या हातात वेळेला सगळं येणार, त्याला विचारायची जागाच कागदावर नाही. एकेका कार्यालयाकडे जिल्ह्यातले दवाखाने किती आणि माणसं किती हे मला दिसतं, त्यामुळे त्यांना घाई का होते हेही समजतं. पण निदान एक रकाना वाढवायला माणसं वाढवावी लागत नाहीत.

आणि नववा मुद्दा अजून पुरता मिटलेला नाही. 'पात्र नोंदणीकृत परिचारिका अपुऱ्या.' आम्ही जीएनएमसाठी जाहिरात दिली. तीन वर्षं शिकून नोंदणी झालेली मुलगी पुण्या-मुंबईला जाते, नाहीतर सरकारी भरतीची वाट बघते. तालुक्याला पंधरा खाटांच्या दवाखान्यात ती का येईल, आणि आम्ही पगार तरी किती देणार? शेवटी एक मिळाली, शेजारच्याच गावची, लग्न होऊन आलेली. हुशार आहे, वहीत लिहिते ते सगळं वेळेवर आणि खरं. रात्री ती आणि आमच्या जुन्या सिस्टर एकत्र असतात. कागदावर पाळीची जबाबदारी नवीचीच, आणि ते योग्यच आहे. औषधाचा डोस कुणी ठरवायचा, कुणी द्यायचा याला नियम हवा. माझी लेक त्या टेबलावर असती तर मीही आधी कौन्सिलचा नंबरच विचारला असता. पण जुन्या सिस्टरांना आता शिकायचं म्हटलं तर कॉलेजच्या वयाची अट आडवी येते, आणि एवढ्या वर्षांच्या कामाची परीक्षा घेऊन त्यांना कुठल्यातरी पायरीवर उभं करील अशी सोय मला तरी सापडलेली नाही. मी दोन ठिकाणी अर्ज लिहून दिलेत. उत्तर आलेलं नाही. पुन्हा लिहिणार आहे.

नूतनीकरणाचं प्रमाणपत्र आलं. ते ओपीडीत काचेत लावलंय. लॅरिंगोस्कोप आता रोज उघडून दिवा लावून पाहते आणि मगच सही करते. सेल वेगळे काढून शेजारच्या डबीत ठेवतो. मावशींचे तिन्ही डोस झाले.

रात्रपाळीच्या वहीत एक नवा रकाना आहे: 'मागचं दार उघडून पाहिलं.' रात्री आठला, पाळी बदलताना. तिथे सही मी करत नाही, नवी सिस्टरही करत नाही. मावशी करतात. आधी अंगठा उठवायच्या. नव्या सिस्टरनी त्यांना नाव काढायला शिकवलं. कालच्या तारखेसमोर त्यांचं नाव आहे, शेवटचं अक्षर रकान्याच्या बाहेर गेलेलं, आणि पुढे वेळ: ८ वाजून ५ मिनिटं.